वाघाच्या पाटीपासून डावीकडे

आमच्या वस्तीचा पत्ता सांगायला फार शब्द लागत नाहीत. नारायणगावकडून ओझरच्या रस्त्याला लागायचं, कॅनॉलचा पूल ओलांडायचा आणि वाघाची पाटी दिसली की डावीकडे वळायचं. गॅसच्या टाकीवाल्याला हे पाठ आहे, एसटीच्या कंडक्टरला पाठ आहे. मोबाईलवर नकाशा बघत येणारे पार्सलवालेसुद्धा शेवटी फोन करून विचारतात, "वाघाच्या पाटीपासून किती आत?"

ही पाटी माझ्या वडिलांनी रंगवली आणि तिच्यावरची अक्षरं मी काढून दिली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तीच पाटी मी माझ्या हातानं झाकली. धाकट्या भावाचं लग्न जमावं म्हणून झाकली, पण झाकली.

आप्पा चौथी शिकलेले. शेती करायची आणि शेतीतून सवड मिळाली की रंगकाम. टेम्पोच्या मागच्या फळीवर 'आईचा आशीर्वाद', ट्रॉलीवर गुलाबाची फुलं, देवळाच्या भिंतीवर देवी आणि तिचं वाहन. वाचताना ते अडखळायचे, पण अक्षर काढायला बसले की छापल्यासारखं. कागदावर लिहून दिलेलं अक्षर ते चित्र उतरवावं तसं उतरवायचे. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली पहिली मी. मुलींमधली पहिली नव्हे, सगळ्यांमधली पहिली. त्याचा मला तेव्हाही अभिमान होता, आजही आहे, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

पाटी लागली तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्या साली बिबट्यानं, त्याला इथं सगळे वाघच म्हणतात, आमच्या भागात फार घोर लावला होता. शेळ्या गेल्या, वासरं गेली, वस्त्यांवरची कुत्री तर एकामागून एक गेली. पलीकडच्या मळ्यात ऊस खुरपणाऱ्या एका बाईवर झडप घातली. ती वाचली, पण पुढे कित्येक दिवस तिनं उसात पाय घातला नाही. मग ठरलं की रस्त्याला पाट्या लावायच्या. आमच्या वळणावरच्या पाटीचं काम आप्पांकडे आलं. वनखात्याच्या माणसानं मजकुराचा कागद दिला आणि सोबत बिबट्याचा एक फोटो.

मजकूर मी मोठ्या अक्षरांत वेगळ्या कागदावर काढून दिला. 'सावधान! बिबट्याप्रवण क्षेत्र. एकट्याने फिरू नये.' शेजारचे एक काका ते बघत उभे होते.

"प्रवण म्हंजी काय गं?" त्यांनी विचारलं.

"जिथं बिबट्या येण्याचा संभव जास्त असतो, ते."

"मग 'बिबट्या येतो' आसं लिव्हा की राव! येवढा घोळ कशाला?"

मी म्हटलं, सरकारी भाषा अशीच असते. त्या वेळी मला सरकारी भाषा येते याचाच केवढा तोरा होता.

आप्पांनी चार दिवस घेतले. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके त्यांनी फोटोत बघून एक-एक भरले. तोंडाशी आल्यावर मात्र हात आपोआप जुन्या वळणानं गेला. आयुष्यभर देवीचं वाहनच रंगवलेलं. त्यामुळे डोळे मोठाले आणि काजळ घातल्यासारखे, मिशा पीळदार, आणि ओठांच्या कडा किंचित वर. ठिपके फोटोतले, तोंड देवळातलं. वनखात्याचा माणूस बघायला आला, बराच वेळ बघत राहिला.

"मामा, हा हसतोय का?"

"हसत न्हाई सायेब," आप्पा म्हणाले, "बगतोय."

तो माणूस भला होता. "बघू द्या मग," म्हणाला आणि पाटी उभी राहिली.

सुरुवातीला त्या पाटीची खरंच भीती वाटायची. शाळेत जाणारी पोरं पाटी आली की पळत सुटायची. बायका गवताचा भारा घेऊन येताना तिथं एकमेकींसाठी थांबायच्या आणि मग घोळक्यानं आत यायच्या. मला वाटायचं, बघा, लिहिलेल्या शब्दात ताकद असते. माझ्या लक्षात येत नव्हतं की त्यातल्या निम्म्याजणींना वाचता येत नव्हतं. त्या डोळ्यांकडं बघून थांबत होत्या.

त्याच वर्षी दिवाळीनंतर कांद्याची लागण सुरू झाली. भात काढून झालं की पश्चिमेच्या डोंगरातली माणसं दरवर्षी आमच्याकडे लागणीला येतात. त्यांच्यातली एक मावशी आईच्या वयाची, आमच्या वस्तीवर बरीच वर्षं येणारी. एक दिवस सकाळी बघते तर वाघाच्या कपाळाला कुंकू, पायाशी झेंडूची दोन फुलं. मावशी पदर डोक्यावर घेऊन हात जोडून उभी.

मी घरातून ओलं फडकं आणलं आणि कुंकू पुसायला लागले.

"मावशी, हा देव नाही. ही सरकारी सूचना आहे."

ती रागावली नाही. "आसंल बया. मंग वाच, काय लिव्हलंय?"

मी वाचून दाखवलं. 'प्रवण'चा अर्थही सांगितला.

"आमच्या डोंगरात वाघोबाचा दगुड हाय," ती म्हणाली. "शेंदूर लावतो त्याला. ह्येच सांगतो त्यो. हितं वाघ हाय, सांबाळून ऱ्हावा, त्याच्या वाटंला जाऊ नका. फकस्त त्याला लिव्हावं लागत न्हाई."

मी आणखी जोरजोरात पुसलं. कुंकवाचा लालसर डाग तरी राहिलाच. तो पुढे कित्येक वर्षं होता.

मग पाटी जुनी झाली आणि तिची भीती कधी गेली ते कुणाला कळलं नाही. बिबटे होतेच, वाढलेच असतील, पण पाटी ही आता खूण झाली. "वाघापाशी उभा राहा, मी आलो," असं लोक फोनवर बोलायला लागले. ज्या जागी एकट्यानं फिरू नये असं लिहिलंय, तिथंच माणसं एकटी थांबून एसटीची वाट बघायची, पाटीच्या अँगलला पाठ टेकवून. ओझरच्या गणपतीला जाणारे पुण्याचे लोक गाडी थांबवून वाघासोबत फोटो काढायला लागले. एकदा एका बाईनं लहान मुलाला पाटीजवळ उभं करून सांगितलं, "बेटा, टायगर को हाय बोलो." आप्पा बांधावरून बघत होते. मला म्हणाले, "बग, आपल्या वाघाला हिंदीबी यायला लागली."

आप्पांच्या टोपीचंही असंच झालं आहे. त्यांच्या तरुणपणी पांढरी टोपी म्हणजे अंगातल्या सदऱ्यासारखी, डोक्यावर नसली तर लोक विचारायचे काय झालं. परवा त्यांना घेऊन मंचरला एका ऑफिसात गेले, तर शिपायानं उठून नमस्कार केला आणि खुर्ची पुसून दिली. त्याला वाटलं, कुणी पुढारी आला. आप्पा त्या खुर्चीत बसेनात. "ह्याला कायतरी चूक झालीया, चल," म्हणाले. टोपी तीच, डोकं तेच. बघणारा बदलला.

आणि माझ्या पदवीचा फोटो. काळा डगला घातलेला, हातात गुंडाळी धरलेला, आमच्या पुढच्या खोलीत लावलेला. लावला तेव्हा अख्खी वस्ती बघून गेली. मग माझ्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा तोच फोटो आईनं दोनदा काढून ठेवला, कारण मुलगी मुलापेक्षा जास्त शिकलेली दिसायला नको. तिसऱ्यांदा मी काढू दिला नाही. ज्यांनी त्या फोटोखाली बसून पोहे खाल्ले त्यांच्याच घरात मी मंचरला दिली गेले, आणि आता तिथं एका शाळेच्या ऑफिसात काम करते. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी पाटीच्या वेळी उपयोग झाला नाही.

धाकट्याचं वय तिशीच्या पुढे सरकलं होतं. बारावी झालेला, कामाला वाघ, ऊस आणि कांदा दोन्ही नीट करणारा, बोलायला गोड. पण शेती करणाऱ्या मुलाला मुलगी देताना आजकाल लोक दहा वेळा विचार करतात आणि आमच्याकडे तर वळणावरच पाटी. पहिल्या पाहुण्यांनी निरोप दिला, "पोरगी जंगलात द्यायची न्हाई." आई दिवसभर एकटीच बोलत होती, "जंगल? डांबरी रस्ता हाय, घरात टीव्ही हाय, आन म्हनं जंगल!" दुसऱ्यांनी निरोपच दिला नाही. तिसऱ्यांची गाडी पाटीपाशी थांबलेली आम्ही अंगणातून पाहिली. एकजण खाली उतरला, पाटीचा फोटो काढला, आत बसला, आणि गाडी तिथूनच फिरली. मग फोन आला की अचानक काम निघालंय. पोह्यांची परात तशीच. धाकटा गोठ्यात गेला आणि शेण काढून झालेली जागा पुन्हा झाडत बसला.

त्या दिवशी आई आप्पांवर घसरली.

"आदी त्या पाटीचं काय त्ये बगा. उपटून टाका."

"पाटी उपटून वाघ जातोय व्हय?"

"वाघ जाऊ द्या न्हाईतर ऱ्हाऊ द्या. मला सून येऊ द्या."

"पाटी माजी न्हाई, गावाची हाय," आप्पा म्हणाले आणि उठून गेले. पण मला माहीत होतं, ती त्यांची होती.

चौथं स्थळ मी आणलं. मंचरच्या पुढच्या एका गावातली मुलगी, बटाट्याची शेती असलेलं घर. मुलगी मंचरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला. आम्ही तिला बघून आलो, मुलगा-मुलगी दहा मिनिटं बोलली, दोघांच्याही तोंडावर बरं दिसत होतं. आता त्यांनी आमचं घर बघायला यायचं होतं. स्थळ माझ्या सासरच्या ओळखीतलं, म्हणजे मोडलं तर दोन्हीकडे मला तोंड द्यावं लागणार. आणि खरं सांगायचं तर मला धाकट्याचं ते झाडलेलं झाडणं पुन्हा बघवणार नव्हतं.

मी आदल्या दिवशी माहेरी आले. कांदा साठवायच्या चाळीवर कुण्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स टाकलेला होता. आमच्याकडे वाढदिवस संपला की फ्लेक्स चाळीवर नाहीतर वैरणीवर जातो. आप्पा म्हणायचे, "येवढा मोठा मानूस, पन कांदा कोरडा ठेवतोय." तो फ्लेक्स मी ओढून काढला, धाकट्याला हाक मारली, आणि दोघांनी जाऊन पाटीला गुंडाळला. पांढरी बाजू बाहेर, सुतळीनं चारी बाजूंनी बांधून.

"ताई, आप्पांना इचारलंस का?"

"उद्या संध्याकाळी सोडू. त्यांना कळणारसुद्धा नाही."

रस्त्यानं जाणाऱ्या एकानं मोटरसायकल थांबवली. "काय, नवीन फ्लेक्स का? कुनाचा वाढदिवस हाय?"

"तुझाच," धाकटा म्हणाला. "केक घिऊन ये."

हसलो आम्ही. सुतळीला मीच गाठी मारल्या, चांगल्या घट्ट.

दुसऱ्या दिवशी पाहुणे अकराला येणार होते. साडेअकरा झाले, बारा झाले. पोहे फोडणीला टाकून झाले होते, आई दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघत होती. आप्पा नवी टोपी घालून ओट्यावर बसलेले. मी त्यांना म्हटलं, "पत्ता नीट सांगितला होता ना?"

"सकाळीच सांगितला फोनवर. त्यात काय सांगायचंय? पूल वलांडा, वाघाची पाटी दिसली की डावीकडं."

मी धाकट्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे. आप्पांना काहीच माहीत नव्हतं. पाहुण्यांनी जी पाटी बघू नये म्हणून आम्ही झाकली, तीच शोधत ते फिरत होते.

आम्ही मोटरसायकल काढली. वळणावर पोचलो तर पांढरी गाडी पाटीच्या अगदी खाली उभी. मुलीचे वडील ड्रायव्हरच्या बाजूनं उतरून पलीकडच्या चहावाल्याशी बोलत होते. मुलीची आत्या, चांगली धिप्पाड बाई, रस्त्यात कमरेवर हात ठेवून उभी. आणि मुलगी स्वतः आली होती. मुलीनं घर बघायला येणं हे आमच्याकडे नवीन. आईला ते खटकलं असतं, मला आवडलं असतं, पण त्या क्षणी मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

चहावाला सांगत होता, "पावणं, वाघाची पाटी हितंच व्हती हो. काल सकाळी म्या बगितलीया. आज दिसंना."

"आमी ओझरपातुर जाऊन आलो," मुलीचे वडील म्हणाले. "दोनदा. तुमचा फोनबी लागंना. ज्याला इचारावं त्यो म्हनतो, मागं ऱ्हायली. मागं आलं की म्हनतो, फुडं हाय. आता देवाचं दर्शन तेवढं घ्यायचं ऱ्हायलंय."

तेवढ्यात वारा आला. फ्लेक्सचा एक कोपरा उचलला गेला आणि आतून काजळ घातलेला एक डोळा आणि अर्धी मिशी बाहेर आली. फ्लेक्स पुन्हा बसला. बघायचं ते सगळ्यांनी बघितलं.

"ह्ये काय गं पोरी?" आत्यानं मला विचारलं. "पाटी कुनी बांदून ठिवली?"

मी एरवी तोंडावर बोलणारी आहे. पण त्या वेळी खोटं बोलले. "नवीन रंग दिलाय आत्या. ओला आहे, धूळ बसू नये म्हणून झाकलाय."

मुलगी पुढे झाली. तोच कोपरा उचलून तिनं आत हात घातला आणि बोट बाहेर काढून बघितलं. रोज रक्ताच्या काचपट्ट्या बघणारी मुलगी, तिला काय फसवणार?

"ताई, रंग तर कधीचा वाळलाय," ती म्हणाली. शांतपणे म्हणाली, आणि तेच जास्त लागलं.

धाकट्यानं मान खाली घातली होती. एवढ्यात वस्तीच्या वाटेनं आप्पा चालत आले. उशीर झाला म्हणून बघायला निघाले असणार. आधी पाहुण्यांना हात जोडले, मग पाटीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातून पानतंबाखूची छोटी सुरी काढली आणि सुतळी कापायला लागले. माझ्या गाठी घट्ट होत्या, त्यांना वेळ लागला. कुणी मदतीला गेलं नाही. फ्लेक्स खाली पडला तेव्हा पुढाऱ्याचं तोंड वर आलं, हसरं, हात जोडलेलं.

"पावणं," आप्पा म्हणाले, "ही पाटी म्या रंगवली. अक्षरं हिनं काढून दिली, माज्या लेकीनं. ह्यात झाकायसारकं कायबी न्हाई. हितं वाघ येतो. उसात ऱ्हातो, कवा कवा अंगनापतुर येतो. आमी सांजच्याला एकटं भाईर जात न्हाई, बॅटरी ठिवतो, बोलत बोलत चालतो. ज्याला पोरगी द्यायची त्यानं ह्ये बगूनच द्यावी. न्हाई दिली तरी चा घिऊन जावा. येवढं हिंडलाय."

मुलीचे वडील आपल्या बहिणीकडे बघायला लागले. आत्या पाटीकडे बघत होती. आणि ती अचानक हसायला लागली, तोंडाला पदर लावून, अंग हलवत.

"दादा, आता सांग की त्यान्ला. न्हाईतर मी सांगती."

"काय सांगायचं?" मी विचारलं.

"अगं, तुमी पोरगी बगाया आला तवा आमच्या घराच्या बाजूला कडब्याची गंज बगितलीस का?"

बघितली होती. मला तेव्हाच वाटलं होतं की एवढ्याशा गोठ्याला एवढा कडबा कशाला.

"कडबा वरनं व्हता. आत पिंजरा व्हता, वनखात्याचा. त्याच्या आदल्या आठवड्यात कुत्रं न्हेलं वाघानं दारातनं. पावणं येनार म्हनून आमीच सकाळी उठून कडबा रचला त्याच्यावर." ती पुन्हा हसली. "तुमच्याकडं वाघाची पाटी तरी हाय. आमच्याकडं नुसता वाघ."

मग सगळेच हसले. मीही हसले, पण माझं हसू आप्पांच्या तोंडाकडे बघून अर्ध्यावर थांबलं. ते फ्लेक्सची घडी घालत होते.

घरी आल्यावर पोहे पुन्हा गरम झाले. बोलणं आता मोकळं झालं होतं, आणि मोकळं झालं म्हणून सोपं झालं असं नाही. मुलीनं चहाचा कप खाली ठेवला आणि सरळ धाकट्याला विचारलं.

"संडास आत आहे का बाहेर?"

आईनं माझ्याकडे बघितलं. धाकट्याच्या तोंडातला घास तसाच.

"भाईर हाय," तो म्हणाला. "बारा पावलं."

"अंगणात दिवा?"

"एक हाय. लाइट गेली की त्योबी जातो."

"कुंपण?"

"तिन्ही बाजूंनी. उसाकडनं न्हाई."

त्यानं एकही उत्तर सजवलं नाही. मी मनात म्हटलं, ह्याला मी काल कशाला ओढला त्या उद्योगात?

"मला वाघाचं काही नाही," मुलगी म्हणाली. "वाघ आमच्याकडेही आहे. पण मी बारा पावलं चालणार नाही. संडास आत घ्या, उसाकडनं कुंपण घ्या. मग बोलू."

"बरोबर हाय तिचं," आप्पा म्हणाले. आणि आईकडे न बघता, "आपली बाईमानसं येवढी वर्सं चालली ती बारा पावलं. आपुन पाटी लावली आन गप बसलो."

पाहुणे गेले. मी भांडी घासायला घेतली तेव्हा आप्पा मोरीच्या दारात येऊन उभे राहिले.

"पाटी कशापाई झाकली?"

"लग्न मोडू नये म्हणून."

"त्ये कळलं मला. तुजी अक्षरं व्हती त्याच्यावर. मी कुनालाबी सांगायचो, लेकीनं लिव्हलंय. तू काळ्या डगल्याचा फोटू काडू दिला न्हाईस, तवा मला लई बरं वाटलं व्हतं."

एवढंच म्हणाले आणि गेले. मी तांब्या घासत राहिले. त्या पाटीवरचा शब्द न् शब्द मीच लिहिलेला. पण इतक्या वर्षांत लोकांसाठी ती खूण झाली, पुण्याच्या माणसांसाठी गंमत झाली, पाहुण्यांसाठी नकार झाली, आणि मी प्रत्येक वेळी लोक बघतील तसंच बघत गेले होते. आप्पांच्या दृष्टीनं तिचा अर्थ पहिल्या दिवसापासून बदलला नव्हता. इथं वाघ आहे, जपून या. मावशीनं पहिल्याच वर्षी हेच सांगितलं होतं आणि मी तिचं कुंकू पुसलं होतं.

पुढच्या दीड महिन्यात आप्पा आणि धाकट्यानं मागच्या पडवीची भिंत फोडून संडास-मोरी आत घेतली. उसाकडून जाळीचं कुंपण आलं. अंगणात सौरदिवा बसला. मुलीकडून काही निरोप नव्हता. आई म्हणायची, "बांदून ठिवायचं आन पोरगी दुसरीकडं जायची." धाकटा म्हणायचा, "गेली तर गेली. तू तर वापरशील." मी मंचरला असताना लॅबवरून दोनदा जाता जाता आत बघितलं, पण आत गेले नाही. एकदा तोंड घातलं होतं तेवढं पुरे.

एके दिवशी आत्याचा फोन आईला आला. आईनं स्पीकर लावला, कारण तिला कान जवळ न्यायचा धीर नव्हता.

"संडास झाला का वो?"

"झाला की. फरशीबी बसली."

"कुंपान?"

"झालं."

"मंग तारीक काडा. पोरगी कवाची इचारतीया."

लग्नाच्या आधी आप्पांनी पाटी पुन्हा रंगवायला घेतली. त्यांचा हात आता कापतो, म्हणून ठिपके धाकट्यानं भरले. डोळे आणि मिशा मात्र आप्पांनी दुसऱ्या कुणाला करू दिल्या नाहीत. कापऱ्या हातानं मिशा जरा जास्तच पीळदार झाल्या. खाली थोडी जागा होती, तिथं मी एक ओळ वाढवली: 'इथे बिबट्या येतो. थांबायचं तर दोघांनी थांबा.' शेजारचे ते काका आता बरेच थकलेत, काठी टेकत आले, वाचलं, आणि म्हणाले, "आत्ता कळलं बग. लई वर्सं लावलीस."

लग्न मुलीकडे झालं. संध्याकाळच्या आत परतायचं म्हणून वऱ्हाड लवकर निघालं. आमच्याकडे नवरा-नवरी गावात शिरताना भाकर-तुकडा ओवाळून टाकतात, एरवी ते वेशीवर होतं. पण आम्ही मळ्यात राहणारी माणसं, आम्हाला वेस कुठली? मी विचार करत होते की घराच्या दारात करू. तर आई आधीच पाटीपाशी येऊन उभी होती, हातात ताट आणि वर भाकरी. गाडी थांबवली तिनं.

"उतरा दोगं. हितंच."

मागे चार गाड्या अडकल्या. एकजण हॉर्न वाजवून ओरडला, "ओ मावशी, नवरीला ओवाळताय का वाघाला?"

"दोगांनाबी!" आई म्हणाली. "थांब जरा, घाई हाय तर उडून जा."

तिनं भाकर-तुकडा ओवाळून दोन्ही बाजूंना टाकला. नवरीला कुंकू लावलं, धाकट्याला लावलं. मग ताट आप्पांच्या हातात दिलं, टाचा उंचावल्या, आणि बोटाला उरलेलं कुंकू वाघाच्या कपाळाला लावलं, नेमकं त्या जुन्या डागाच्या जागी. माझ्याकडे बघितलं. मी काही म्हणते का ते बघत होती.

मी म्हटलं, "रंग वाळलाय गं. लाव नीट."

नवरी खुदकन हसली. आप्पांनी ताट धाकट्याकडे दिलं, मागच्या गाड्यांना हात केला, आणि आम्ही सगळे डावीकडे वळलो.